एका रांगेची फळी

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बहुतेक फाडशील. फाडण्याआधी एवढंच वाच की मला एका फळीबद्दल विचारायचंय. तुझा पत्ता वखारवाल्या काकांनी दिला. त्यांना शिव्या घालू नकोस. त्यांच्या वखारीत मी सकाळपासून ठाण मांडून बसले, तेव्हा कंटाळून दिला बिचाऱ्यांनी.

काम असं आहे. बाबांच्या खोलीत भिंतीवर फळ्या लावायच्या आहेत. खाली पाय नकोत, ब्रॅकेटही दिसायला नको, भिंतीतूनच उगवल्यासारख्या. दुकानात त्याला फ्लोटिंग शेल्फ म्हणतात. किती लांब, किती खोल, किती जाड आणि कुठल्या लाकडाच्या? तू म्हणशील, घरात जन्मभर रंधा मारलेला माणूस बसलाय, त्याला विचार की. त्यांना विचारता आलं असतं तर बावीस वर्षांनी तुझ्या दारात आले असते का मी?

सरळच सांगते. बाबांना विसरण्याचा आजार झालाय. दीड वर्ष झालं. आधी चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, इतपत होतं. त्यात काय, आपण सगळेच त्यातले. आता कपाटाचं दार लावलं की आतलं सगळं त्यांच्यापुरतं संपतं. परवा मला चोर ठरवलं. पेला चोरला म्हणून! पेला कपाटात, त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर. दार उघडून दाखवलं तर म्हणाले, आता घाबरून परत ठेवलास होय? गोळ्यांचंही तेच. दिसत नाहीत म्हणून घेत नाहीत, आणि मी हातावर ठेवल्या तर विष घालतेय म्हणतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारं काढा, वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. टेबल ठेवून पाहिलं. दोनदा गुडघा फोडून घेतला. ब्रॅकेटची फळी लावली, तर ब्रॅकेटला धरून उठायला लागले आणि एक दिवस प्लॅस्टरसकट खाली आली. म्हणून ही पाय नसलेली फळी.

तुमच्या दोघांत जे झालं ते झालं, चूक कोणाची का असेना. मी त्याबद्दल लिहीत नाहीये. बाबा अधूनमधून विचारतात, पोरगा जेवायला आला नाही अजून? मी सांगते, कारखान्यात आहे, येईल. मग गप्प बसतात. आईच्या वेळी तू आलास आणि दारातूनच परत गेलास, हेही त्यांच्या लक्षात नाही. तेवढं एक बरं झालं म्हणायचं.

मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. लोकांच्या पॅंटी आखूड करते, चेनी बदलते. त्यामुळे घर सोडावं लागत नाही. फक्त मापं लिहून पाठव. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. मला घाई होती, म्हणून मी शहाणपणा केला. बाजारात जाऊन तयार फळी आणली. पांढरी शुभ्र, चार फूट लांब, दहा इंच खोल. विकणारा म्हणाला, ताई, जितकी खोल तितकं जास्त सामान मावतं. मला पटलं. मी कपड्यातली, लाकडातलं मला काय कळतंय? आमच्या धंद्यात जास्त कापड असलेलं कधीही बरं.

ड्रिलवाला आला, दहा मिनिटांत लावून गेला. मी लगेच पेला, चष्मा, कंगवा, गोळ्यांची डबी, रेडिओ असं सगळं मांडलं. दोन रांगा झाल्या. मागच्या रांगेतलं दुसऱ्याच दिवशी चोरीला गेलं, म्हणजे कसं ते तुला कळलंच असेल. पुढे रेडिओ आणि मागे गोळ्या, म्हणजे गोळ्या जगातच नाहीत. बरं, भिंत पांढरी आणि फळीही पांढरी. कड कुठे संपते ते त्यांना कळेना. पेला थेट हवेत ठेवला. वर मलाच म्हणाले, तू फळी सरकवलीस.

मग तिसऱ्या दिवशी पाणी सांडलं आणि तिची कड भिजलेल्या पावासारखी फुगली. बाबा उठले, बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "हे लाकूड नाही. भुसा दाबून पुठ्ठा केलाय. कोणी आणलं हे घरात?" असा आवाज, अगदी पूर्वीचा! मला इतका आनंद झाला की मीच आणलं म्हणून मिरवलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला फसवलं."

बाई, तुम्हाला. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर संध्याकाळी परत पोरी म्हणाले, पण एकदा पाहुणीसारखं ऐकल्यावर कान तिथेच अडकतात.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जवळची माणसं शेवटी शेवटी जातात, पण जातात. किती दिवस? वर्षांत मोजू नका, म्हणाल्या, महिन्यांत मोजा. म्हणून हे दुसरं पत्र. फळीचं राहू दे बाजूला. त्यांना अजून पोरगा आठवतो, दादा. रोज नाही, पण आठवतो. यायचं असेल तर आत्ता ये. पुढे येशील तेव्हा दार उघडायला मी असेन, ते नसतील. शरीराने असतील, पण तू कोणाच्या समोर उभा राहशील?

तुझी बहीण


४ मार्च

दादा,

आलं तुझं पत्र! पोस्टमनला मी चहा दिला, त्याला कळेना कशाबद्दल.

'प्रिय' नाही, 'तू कशी आहेस' नाही, खाली सहीसुद्धा नाही. माझं तोंड बघायला हवं होतंस. पण अक्षर तुझंच. अजून 'ळ' तसाच लंगडा काढतोस. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. खोटं वाटत असेल तर बघ:

"खोली सहा इंच. जास्त नको. एकामागे एक काही ठेवता येता कामा नये, एकच रांग बसली पाहिजे. लांबी तीन फूट. त्याहून लांब पाहिजे तर दोन वेगळ्या लाव, एक लांब लावलीस तर मधे झोल पडेल. जाडी दीड इंच, कारण आत लोखंडी सळई जाणार आणि तिच्या वर-खाली अर्धा अर्धा इंच लाकूड उरलं पाहिजे. सळया तीन, विटेत चार इंच आत. प्लॅस्टरवर भरवसा ठेवू नये. एमडीएफ नको, प्लाय नको, पाइन नको. पाइन मऊ असतं, पेल्याचे व्रण पडतील. जुनं सागवान घे, वाळलेलं. ओल्या हाताने धरणार असतील तर सागवानच. चकचकीत पॉलिश नको, तेल पाज. भिंतीपेक्षा गडद दिसली पाहिजे. पुढची कड गोल. उंची त्यांना उभं करून मोज, खांदा ते डोळे याच्या मधे. भिंत ठोकून बघ. पोकळ वाजली तर लावू नकोस."

संपलं. मी मागची बाजूही पाहिली, कोरी होती. पाकीट फाडून आतूनही पाहिलं, हस हवं तर.

पण एक सांगू? 'त्यांना उभं करून मोज.' त्यांना. सगळ्या पत्रात बाबा तेवढेच आहेत, एका शब्दापुरते. आणि सहा इंच एकाच रांगेसाठी, हे तुला मी न सांगता कसं कळलं? मी तर लिहिलं होतं की दार लावलं की वस्तू संपते. तू बसून विचार केलास, दादा. दाराआड काही राहू नये तसं वस्तूआडही काही राहू नये, इथपर्यंत पोचलास. राग आलेला माणूस एवढं करत नाही. की करतो? मला तुझं काही कळेनासं झालंय, बावीस वर्षं थोडी नाहीत.

वखारवाल्या काकांकडून मी चार तुकडे आणले, हातभर लांबीचे, आणि बाबांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी एकेक उचलला. पाइनचा नखाने दाबला आणि बाजूला टाकला. दुसरा म्हणाले अजून ओला आहे, वजन खोटं आहे. तिसऱ्याचे रेषे बघून नाक मुरडलं. चौथा जुन्या दाराच्या चौकटीचा होता, त्यावर खिळ्याचं भोक होतं. तो त्यांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ धरून बसले. मग मला म्हणाले, "हा माझ्या पोराला दाखव. तो सांगेल. त्याचा हात चांगला आहे."

बावीस वर्षांत हे वाक्य तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आता तू ऐक. त्याचा हात चांगला आहे, असं म्हणाले.

ये रे आता.

तुझी टाचणी
(या नावाने तू मला हाक मारायचास. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.)


१५ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच. वहिनी जवळ असतील तर त्यांना जवळच बसू दे.

काल मिस्त्री आला होता. खिडकीची चौकट आणि कोपरा याच्या मधे बरोबर फळी बसवायची म्हणून माप घेत होता. बाबा पलंगावरून उठले, त्याच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः लावली. टोक नाही धरलं. एक इंचाच्या रेघेवर अंगठा ठेवला, दुसरं टोक कोपऱ्याला नेलं आणि ओरडले, "सदतीस!" मिस्त्री म्हणाला, "काका, टोक धरा ना, इंच वाढतोय." बाबा म्हणाले, "टोकाची पट्टी हलते, खोटं बोलते. तुम्ही सदतीसच लिहा. कापणारा इंच वजा करेल. माझा पोरगा आहे कापायला."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, मग इंच मी वजा करू की आधीच केलाय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. कारण हाच प्रश्न त्या दिवशी तू मला विचारायला हवा होतास आणि मी तुला खरं सांगायला हवं होतं.

चष्म्याच्या दुकानाचं काम. चौदा कोनाडे आणि चौदा फळ्या, अशाच, ब्रॅकेट न दिसणाऱ्या. बाबा माप ओरडत होते आणि वही माझ्या हातात होती, कारण त्या दिवशी लिहिणारा कारागीर आला नव्हता. मी सतराची. आपल्या कारखान्याचा कायदा मला ठाऊक होता: ओरडणाऱ्याने जे दिसेल ते ओरडायचं, लिहिणाऱ्याने तेच लिहायचं, इंच वजा करायचा तो कापणाऱ्याने. पण मला वाटलं, मी किती हुशार, मीच करून देते वजाबाकी. बाबा ओरडले एकोणचाळीस, मी लिहिलं अडतीस. चौदाच्या चौदा. दादाचं काम वाचेल, शाबासकी मिळेल, हे डोक्यात. तू वही बघितलीस, नेहमीप्रमाणे इंच काढलास आणि सदतीस कापलंस.

फळ्या कोनाड्यात ठेवल्या तेव्हा प्रत्येकीच्या बाजूने बोट जात होतं. तू म्हणालास, मी वहीप्रमाणे कापलं, बाबांनीच वाचताना चूक केली असेल. बाबा म्हणाले, माझ्या डोळ्यांवर येतोस? आणि चष्मेवाल्यासमोर, कारागिरांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू वही मागितलीस. बाबांनीही मागितली. मी म्हटलं, सापडत नाही.

मी वहीवर बसले होते, दादा. स्टुलावर वही आणि वहीवर मी.

बाबा म्हणाले, पेन्सिल खाली ठेव आणि चालता हो. तू ठेवलीस. पुढचं तुला माहीत आहे. वहीचं ते पान मी घरी जाऊन चुलीत घातलं. त्या दिवशी नाही सांगितलं कारण घाबरले. पुढच्या आठवड्यात नाही सांगितलं कारण वाटलं, दोन दिवसांनी तू येशीलच. मग नाही सांगितलं कारण इतके दिवस का नाही सांगितलंस असं विचारतील. मग आई गेली. माझ्याजवळ नेहमीच एखादं कारण तयार असायचं, शिवणकामवालीच्या डब्यात बटण असतं तसं.

कापड चुकलं तर मी उसवते आणि परत घालते. बावीस वर्षं हेच करून खाते. तुमच्या लाकडाचं तसं नसतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तू माझ्यावर थुंक. माझं तोंड बघू नकोस. पण त्यांना भेट. त्यांचं चुकलं नव्हतं आणि तुझंही चुकलं नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांना खोटं समजून बसलात, आणि खोटी मी मधे बसून दोघांना जेवायला वाढत होते, त्यांना ताटात आणि तुला मनात.

मिस्त्रीला मी छत्तीस लिहायला सांगितलं आणि वजा केलंय असंही सांगितलं. मोठ्याने सांगितलं. तो घाबरलाच.

टाचणी


२९ मार्च

दादा,

फळ्या लागल्या. दोन, एकीखाली एक. जुनं सागवान, तेल पाजलेलं, कड गोल. मिस्त्री म्हणाला, मापं ज्याने दिली त्याला कळतं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. हे वाक्य उच्चारायला किती सोपं आहे बघ.

आणि तुला सांगते, पेला सापडतो! सकाळी उठतात, हात वर करतात, पेला. त्याच्या शेजारी चष्मा. त्याच्या शेजारी गोळ्या. चोरीचा आरोप बंद. फळीवरून तळवा फिरवतात आणि म्हणतात, काम नीट आहे.

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच चालले होते, तरी पोस्टमन दिसला की सुई बोटात जाते.

मग मी ठरवलं, तुला सांगितलं, आता त्यांना सांगायचं. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, कारण त्या नको म्हणाल्या असत्या. सकाळची वेळ त्यांची बरी असते. चहा झाल्यावर समोर बसले आणि सगळं सांगितलं. चष्म्याचं दुकान, चौदा फळ्या, एकोणचाळीस, अडतीस, सदतीस, वही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "वही कुठे होती?" मी सांगितलं. त्यांनी हात उगारला. मी गाल पुढे केला. त्यांनी मारलं नाही. हात तसाच फळीवर ठेवला आणि रडायला लागले. बाबांना मी रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. म्हणाले, "त्याला बोलव. मी त्याचे पाय धरतो. माझ्या पोराला मी सगळ्यांसमोर मारलं गं." मी म्हटलं, पत्र पाठवलंय. म्हणाले, पत्र कशाला, तू जा, घेऊनच ये.

मी चप्पल घातली. खरंच घातली. शेजारच्या नर्सबाईंना बाबांकडे बसवून स्टेशनला जाणार होते. त्या आल्या तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "माझा पोरगा जेवायला आला नाही अजून." मी विचारलं, बाबा, मी आत्ता काय सांगितलं? त्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारलं, "काय सांगितलंस?"

अर्ध्या तासात गेलं सगळं. मी चप्पल काढली.

टाचणी


२० एप्रिल

दादा,

मी त्यांना रोज सांगते.

नर्सबाई म्हणतात, हा छळ आहे, त्या म्हाताऱ्याला दर सकाळी नव्याने का जाळतेस? बरोबर आहे त्यांचं. पण रोज ते नव्याने ऐकतात आणि रोज म्हणतात, त्याला बोलव. एकही दिवस असा गेला नाही की म्हणाले नाहीत. तुला त्यांनी बावीस-तेवीस वेळा माफ केलंय, दादा, आणि तितक्याच वेळा तुझी माफी मागितलीय. तू एकदाही समोर नव्हतास. मी रोज होते. जे तुझं होतं ते रोज मी घेतेय, आणि घेऊन करू काय त्याचं?

गेल्या सोमवारी त्यांनी मला मारलं. बावीस वर्षं उशिरा, पण बरोबर गालावर. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. दुपारभर गाल तापलेला होता आणि मी शिवत बसले होते. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, पोरी, गालाला काय झालं?

काल वहिनींचा फोन आला. आवाज गोड आहे त्यांचा. म्हणाल्या, तुमचं पंधरा मार्चचं पत्र त्यांनी वाचलं, खिशात ठेवलं आणि कामावर निघून गेले. दोन दिवस घरी सगळ्या दारांच्या चौकटी मोजत बसले होते, टेप घेऊन. मी विचारलं, येतील का? त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, मला थोडा वेळ द्या."

मी म्हटलं, वहिनी, वेळ सोडून काहीही मागा हो. माझ्याकडे सागवानाचा उरलेला तुकडा आहे, शिवणयंत्र आहे, दोन्ही गाल आहेत. वेळ तेवढा नाही.

मी उगाच त्यांच्यावर तोंड टाकलं. त्यांची माफी माग माझ्या वतीने. तुझा राग रास्त आहे हे मला कळतं. एवढ्या वर्षांचा राग ज्याच्यावर होता तो माणूसच निराळा निघाला, तर राग कुठे ठेवायचा? त्याला जागा करायला वेळ लागणारच. पण तू तिकडे जागा करतोयस आणि इथे खोलीच रिकामी होत चाललीय.

फळीवरून आता रेडिओ काढलाय. आवाजाला घाबरतात. चष्माही काढला, डोळ्याला लावायचा हे लक्षात येत नाही. पेला, कंगवा, गोळ्या, एवढंच उरलं.

टाचणी


९ मे

दादा,

आज सकाळी चहा झाला. मी समोर बसले आणि नेहमीसारखी सुरुवात केली. बाबा, तुम्हाला एक सांगायचंय, चष्म्याच्या दुकानातल्या त्या फळ्यांचं.

त्यांनी नीट ऐकलं. अगदी मान हलवत. माप ओरडण्याचं आलं तेव्हा म्हणाले, बरोबर आहे, टोक कधी धरू नये. फळ्यांच्या बाजूने बोट गेलं इथे आले तेव्हा चुकचुकले. मी वाट बघत होते वही कुठे होती विचारतील म्हणून. नाही विचारलं. तेव्हा मीच सांगितलं, बहीण वहीवर बसली होती.

"अरेरे," म्हणाले. "लहान असेल ती."

मी म्हटलं, सतराची होती.

"मग लहानच की. घाबरली असेल." आणि मग, "त्या पोराचं पुढे काय झालं?"

मला आधी वाटलं, चिडून विचारतायत. मी तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं. शेजारच्याच्या घरचं काही ऐकल्यावर माणूस जसा हळहळतो तसं तोंड होतं, दादा. मी म्हटलं, घर सोडून गेला. दूर असतो. त्यालाही सगळं कळवलंय आता.

"चांगलं केलंत," म्हणाले. "कसा आहे हो तो?"

मी म्हटलं, त्याचा हात चांगला आहे.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या मायेने त्यांनी मला कधी हात लावला नसेल. मला समजावत होते, परक्या बाईला समजावतात तसं. म्हणाले, "बाई, एक सांगू? त्या पोराचा बाप आहे का अजून?"

मी म्हटलं, आहे.

"मग त्याला सांगा हो कोणीतरी. हे कळलं असतं तर बाप धावत गेला असता."

मी म्हटलं, सांगते.

टाचणी